पातेलं कुणाचं?

ती दुपार मी अजून विसरले नाही. आम्ही इंग्लंडात स्लाऊला राहायचो, बाळ नुकतंच रांगायला लागलेलं. ह्यांना घरी बिअर करायचा नाद, पार धान्य भिजवण्यापासून. बाळ सारखं त्या गरम पातेल्याकडं जायचं, म्हणून मीच मागं लागले, विका ते सगळं. ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत कार्ड लावलं: मोठं स्टीलचं पातेलं, धान्य भिजवायची, नळ बसवलेली कूलबॉक्स, झाकणाच्या बादल्या.

आणि दारात पोलीस! जवळच्या लग्नकार्याच्या हॉलमधलं मोठं पातेलं चोरीला गेलेलं, कुणीतरी कार्ड बघून कळवलं. पण हे मला नंतर समजलं. मला वाटलं दारूसाठीच आले. आमच्या गावाकडं हातभट्टी धरली की बायकापोरांसकट जीपमध्ये घालायचे, मी बघितलंय. त्यानं पातेलं दाखवून विचारलं, "हे तुमचं?" मी म्हटलं, "नो, नो, नॉट अवर." बाळ कडेवर रडतंय, मी पण रडतेय.

तेवढ्यात हे शिफ्टवरून आले. "माझंच आहे की! लग्नातलं. बायकोचं नाव आहे त्याच्यावर."

"बायको तर नाही म्हणते. मग चोरीचंच," पोलीस म्हणाला.

हे माझ्याकडं वळले, "अगं वेडे, सांग की त्याला..."

"इंग्लिशमध्ये बोला, नाहीतर गप्प बसा. चला, स्टेशनला." त्यानं ह्यांचा दंडच धरला.

तेव्हा डोक्यात शिरलं, चोरी म्हणतायत! माझ्यामुळं! आता हो म्हटलं तर दारू, नाही म्हटलं तर चोरी. म्हटलं जायचंच तर दारूवाले म्हणून जाऊ देत, चोर म्हणून नको. "माय पॉट! माय पॉट!" मी ओरडलेच.

तो थांबला. काठाखाली आत्यानं मशीननं माझं नाव घालून दिलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. त्यानं नाव मला दिसू नये असं पातेलं फिरवलं, माझ्या हातात कागद-पेन दिलं. "नाव लिहा, तुमच्या भाषेत." चौथीत शाळा सुटलेली माझी, पण नाव तेवढं यायचं. लिहिलं. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर ठिपक्यांशी ताडलं. मग ह्यांचा दंड सोडला. "सॉरी, सर."

मी तरी दार अडवून उभी. "अँड बिअर? नो जेल?"

तो हसलाच. "घरी प्यायला केली तर कसला जेल? मी पण करतो. ती कूलबॉक्स विकली गेली का हो?"

हे अजून चिडवतात. पण मी एक शिकले. घाबरलेलं माणूस खोटं बोलतं आणि समोरच्याला ते चोरासारखंच दिसतं. आता दारात कुणीही येऊ दे, मी आधी विचारते, कशासाठी आलात? मगच तोंड उघडते.