रोज एक प्रश्न

अमेरिकेत, रेडमंडच्या ऑफिस बसमध्ये एक सहकारी माझ्या शेजारी बसतो आणि रोज एक नवा प्रश्न विचारतो, फक्त एक. मी कॅरिबियनची क्रूझ करून आलोय हे कळल्यापासून त्याचं हे सुरू आहे. नागपूरहून त्याचे आईबाबा यायचेत, त्यांचं त्याच क्रूझचं बुकिंग झालंय. "बोट लागते का रे?" "व्हेज नीट मिळतं ना?" उत्तर तो फोनमध्ये मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतो. बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

मला कंटाळा आला होता. "एवढं काय लिहितोस, तू असशीलच ना सोबत!"

"मी कुठला? माझा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. इथे राहता येतं, पण बोटीने देशाबाहेर गेलो तर परत येताना अडकेन. त्यांना अजून सांगितलं नाही, नाहीतर तेही कॅन्सल करतील."

त्यांना फ्लोरिडाच्या बंदरापर्यंत सोडायचं आणि ते परत येईपर्यंत सात दिवस तिथल्याच मोटेलमधून काम करायचं, हे त्याने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग पहिल्यांदाच एका दिवसात दुसरा प्रश्न विचारला.

"बोट सुटताना खाली उभा राहिलो, तर मी त्यांना वरून दिसेन का?"

"लाल शर्ट घाल," मी म्हणालो.

त्याने तेही लिहून घेतलं.