खिडकीतला नळ

नगरसेवकांच्या कार्यालयात नगरसेवक क्वचितच सापडत. सापडायच्या त्या मावशी. बावीस वर्षं त्याच टेबलामागे, त्याच खुर्चीत. एवढ्या काळात साहेब तीन बदलले, खुर्चीची उशी एकदाच. मावशींनी पुढे केलेल्या कागदावर साहेब डोळे मिटून सही करत आणि त्यातच वॉर्डाचं भलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे कॉलेजची एक मुलगी दोन महिने काम शिकायला आली. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय तिचं वर्ष पुरं होणार नव्हतं, त्यामुळे बाईसाहेब पहिल्या दिवसापासून कामावर तुटून पडल्या.

तिच्या डोळ्यांत सलत होती ती खिडकी. तिथे तक्रारअर्जांचे गठ्ठे आणि प्रत्येकावर काहीतरी वजन: खड्ड्यातला दगड, गेलेला बल्ब, गंजका नळ. एका दुपारी मावशी जेवायला घरी गेल्या, तशी हिने ओढणी खोचली. अर्ज तारखेप्रमाणे फायलींत लावले, वर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाकी सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं.

मावशी आल्या आणि खिडकीकडे बघून मटकन खुर्चीत बसल्या.

"नळ कुठाय?"

"भंगारात दिला, मावशी. मोडका होता."

"अगं, तो पोस्टातल्या आजोबांचा! पाणीच येत नाही तर हा घरात ठेवून काय करू, म्हणून काढून आणून दिला त्यांनी. काम झालं की ज्याची वस्तू त्याला परत, ही माझी पद्धत. समोर दिसत राहिली की साहेबांना विसरता येत नाही. फायलीत गेलं की संपलं!"

मुलगी भंगारवाल्यामागे तीन गल्ल्या धावली. बल्ब फुटला होता. दगड त्याने वाटेतल्या एका खड्ड्यात टाकून दिला होता. नळ तेवढा हाती लागला, तोही स्वतःची नवी पाण्याची बाटली देऊन.

मावशींनी ड्रॉवरमधून सही होऊन आलेलं तिचं प्रमाणपत्र काढलं, खिडकीत ठेवलं आणि त्यावर नळ ठेवला.

"आजोबांना पाणी आलं की घेऊन जा."

"माझे दहाच दिवस राहिलेत, मावशी!"

"त्यांचे आठ महिने झालेत."

मावशींना मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत ती पाणीखात्याच्या खेपा घालू लागली. इंजिनियर जागेवर नाहीत. फाइल वर गेलीय. फाइल खाली आलीय, पण इंजिनियर वर गेलेत. सातव्या दिवशी मात्र तिचं डोकं फिरलं. तिने खिडकीतला नळ उचलला आणि जेवायला बसलेल्या इंजिनियरसमोर, उघड्या डब्याला खेटून ठेवला.

"काम झालं की परत नेते, सर."

इंजिनियरचा घास घशातच अडकला. दुसऱ्या दिवशी आजोबांकडे माणसं गेली. आठ महिने एक व्हॉल्व्ह तेवढा उघडायचा राहिला होता.

तिने परत आणलेला नळ न्यायला आजोबा आले तेव्हा त्यांचे हात ओलेच होते. पुसायला ते तयार नव्हते. ते बघून मुलीला भरून आलं. दोन दिवस तिचं प्रमाणपत्र खिडकीत तसंच उघडं पडलं होतं. उचलून न्यायला तिला कुणी अडवलं नसतं, पण तिला ते सुचलंही नव्हतं. मावशींच्या हे बरोबर लक्षात आलं होतं. त्यांनी ते स्वतः उचलून तिच्या हातात दिलं.

कॉलेजात सरांनी कागदावरचं गंजाचं गोल वर्तुळ बघून नाक मुरडलं. "डाग पडलाय. दुसरं आण."

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "बाकीचं तर सगळ्यांच्याच प्रमाणपत्रात असतं."