किन्हीराजाचा पोरगा

साडीची घडी झटक्यात मोडायची, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचं, "ताई, साडी मंग पाहा. आंदी गोष्ट आयका." कारंज्याला तुम्ही कधी लग्नाचा बस्ता बांधला असेल, तर आमच्या दुकानातले हे मामू तुम्ही पाहिलेच असतील. पांढरी दाढी आणि तिच्यावर कुणाच्या तरी शालूचा पदर!

मी शेजारच्या गादीवर ब्लाउजपीस कापायचो. मामूंकडे प्रत्येक साडीची गोष्ट असे. ही नेसून धनजची सून सासूची लाडकी झाली, ती पाहून रुसलेला जावई जेवायला बसला. निम्म्या गोष्टी धादांत खोट्या. बायांनाही ते ठाऊक असायचं, तरी त्या मामूंकडेच यायच्या आणि आपल्या घरचं सुखदुःख त्यांना सांगून जायच्या. मामू त्याला शेपूट जोडून पुढची साडी विकत. आम्ही हसायचो.

एकदा दोघी जावा आल्या. धाकटीचं डोहाळजेवण होतं. मामूंनी हिरवी साडी उलगडली.

"किन्हीराजा गावची एक ताई हाच रंग घेऊन गेली डोहाळजेवनाले. आता पोरगा आंगनभर धावून राह्यला तिचा!"

"बोलते काय तो?" थोरलीनं विचारलं.

"मंग! मले मामू म्हन्ते."

थोरली साडीवरून हात फिरवत राहिली. "मीच ते, मामू," ती म्हणाली. "ओटी भरली अन् आठ दिवसांत गेलं लेकरू. पोटातच."

मामूंनी तिला ओळखलंच नव्हतं. शेठ उगाच फोन पाहू लागले. हातातली कात्री कुठे ठेवावी, मला कळेना. त्या गोष्टींना आपण इतकी वर्षं हसलो, याची लाज वाटली.

"माफ कर बेटा," मामू गादीकडे बघत म्हणाले. पदर खांद्यावर तसाच होता.

त्यानंतर ते फक्त "रंग पक्का आहे" म्हणत. गिऱ्हाईक दुसऱ्या गाद्यांकडे सरकलं, शेठ कुरकुरू लागले.

दिवाळीच्या आधी ती थोरली एकटीच आली आणि थेट मामूंसमोर बसली. त्यांनी मान खाली घालून घड्या मोडल्या. तिनं एकही साडी पाहिली नाही.

"मामू, तो आंगनात धावते म्हने. त्याची सांगा ना अजून."

मामूंनी हातातली साडी खाली ठेवली. मग ते उठले, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून गेले. परत दुकानात आलेच नाहीत.

ती मात्र बाजाराला आली की पायरीवरून मला विचारते, "मामू आले काय?"

मी कापडावरची नजर न उचलता म्हणतो, "नाही."