जीप गरम होईपर्यंत

पौषातली पहाट आहे. गोधडी डोक्यावर ओढलेली, डोळा धड लागलेलाही नाही, आणि बाहेर अंगणात कुणीतरी माझ्या जीपचं दार उघडतं. मी उठून जातो. पुढच्या सीटवर वृषाली बसलेली आहे. माझी मुलगी. तिला जाऊन दोन वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, तरी मी एवढंच म्हणतो, की स्वेटर घालायचा होतास.

आमच्या निफाडकडे थंडी अशी पडते, की जुनं डिझेल इंजिन सहजी उठत नाही. किल्ली अर्धी फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट बघायची, मग स्टार्टर मारायचा, आणि रेस न देता पाच-सात मिनिटं तसंच चालू ठेवायचं, ऑइल सगळीकडे पोचेपर्यंत. वृषाली नाशिकला नर्स होती. दर सोमवारी पहाटे मी तिला स्टँडवर सोडायचो, आणि त्या पाच-सात मिनिटांत ती मनातलं सगळं सांगून घ्यायची. एरवी आम्ही बापलेक फार बोलणारे नव्हतोच.

काचेबाहेर आता अंगण नाही. दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे, बाकड्यांवर माणसं शाली पांघरून बसली आहेत. जीप त्यांच्या मधोमध घुरघुरते आहे, पण कुणी मान वर करत नाही.

"इंजिन गरम आहे, अण्णा. केव्हा चालू केलंत?"

"आत्ताच."

ती माझ्याकडे बघत राहते. लहानपणापासून अशीच, वाट बघणारी.

"अर्धा तास झाला," मी म्हणतो. "तू आलीस की लगेच निघता यावं म्हणून. बोलायला वेळच राहू नये म्हणून."

शेवटच्या सोमवारी मी हेच केलं होतं. तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं, मुलगा आपल्यातला नव्हता, आणि त्या सकाळी ती विषय काढणार हे मला कळत होतं. ती पिशवी घेऊन बाहेर आली तोवर जीप तापून तयार. स्टँडपर्यंत मी मान वळवली नाही. शनिवारी फोन आला, ताप डोक्यात गेलाय म्हणून. मी पोचलो तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणते. आवाजात राग नाही. तेच सोसवत नाही. "आता बंद करा. गार होऊ द्या. मग पुन्हा पहिल्यापासून."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. दोन्हीकडे द्राक्षांच्या रांगा आहेत, थंडीनं बाग जाऊ नये म्हणून पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरला आहे, आणि ती बोलते आहे. तो रोज डबा विसरतो. त्याच्या आईनं तिच्यासाठी मोजे विणायला घेतलेत. मी मध्ये एक शब्द बोलत नाही. इंजिन गार होऊच नये असं वाटतं. मग विचारतो, जे तेव्हा कानावरही येऊ दिलं नव्हतं.

"नाव काय त्याचं?"

तिचे ओठ हलतात. त्याच क्षणी इंजिन आपोआप उठतं आणि मला काही ऐकू येत नाही. शेजारची सीट रिकामी आहे.

जाग येते तेव्हा मी खाटेवरच आहे. उजाडलंय. माझी बायको कमल चहा घेऊन उभी आहे आणि माझ्या पायांकडे बघते आहे. दोन्ही तळवे ओल्या मातीनं भरलेत, गोधडीलाही माती लागली आहे. कुठं गेला होतात, असं ती विचारत नाही. कप खाली ठेवून पदरानं माझे पाय पुसू लागते.

"त्या मुलाचं नाव काय गं?"

तिचा हात थांबतो.

"सुमेध," ती म्हणते. "दर महिन्याला फोन करतो. तुम्ही घरात नसलात की."