दाव्याला बांधलेली गाय

मावशींची गाय मी बुडवली. पूर होता हे खरं, पण दावं सोडू दिलं नाही ते मी.

मी नांदेडला कॉलेजात भूगोल शिकवतो. एवढ्या भांडवलावर मला पुरातल्या मदतकार्याचं मूल्यमापन करणाऱ्या समितीवर घेतलं. देशाची यंत्रणा संकटात किती चांगली धावते, त्याला मी गुण द्यायचे. वर्गात निम्म्या पोरांना नापास करणारा मी, सरकारला मात्र सढळ हातानं पास करत होतो.

देवणीकडच्या एका गावात पाणी शिरलं. मोबाइलवर इशारा आला तेव्हा वीज जाऊन निम्मे मोबाइल बंद पडले होते. तिथे मी ‘समाधानकारक’ लिहिलं. मग बोट आली. जवान जीव तोडून काम करत होते. मी लाइफ जॅकेट घालून, बोटीत घड्याळ धरून बसलो होतो, कारण ‘प्रतिसादाचा वेळ’ या रकान्याला सगळ्यात जास्त गुण होते.

नदीकाठच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. पाणी उंबऱ्याला लागलं तरी ती बोटीकडे न येता गोठ्याकडे निघाली.

“थांबा जरा, गाईचं दावं सोडते. गाभण हाय.”

“मावशी, आधी तुम्ही बसा. गाय कुठं जाते? बांधलेली हाय की! दुसऱ्या फेरीत सोडू.”

मी तिच्याच बोलीत बोललो, म्हणून तिनं विश्वास ठेवला. पाणी इतकं चढलं की त्या घराकडे दुसरी फेरी झालीच नाही. गाय बांधलेली होती. कुठंच गेली नाही.

अहवालात मी ‘जीवितहानी नाही’ लिहिलं, शेरा ‘उत्कृष्ट’. समितीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पाणी ओसरल्यावर पुन्हा त्या गावी गेलो. मावशी गोठ्यातला गाळ काढत होत्या.

“काय साहेब, अजून काई मोजायचं ऱ्हायलं का?”

“न्हाई मावशी.”

“आमचं गाव पास झालं म्हणं?”

“पहिल्या नंबरानं.”

“मंग तोंड का पाडून उभे हाव? पेढे संपले का?”

जनावरांसाठी नियमात तरतूद नाही, प्रवाह जोरात होता, असं बरंच काही मी एसटीत घोकून आलो होतो. ते सगळं सोडून मी गोठ्यातल्या गाळात उतरलो.

“मावशी, गाठ सोडण्यापुरताही वेळ मी तुम्हाला दिला नाही. गाय माझ्यामुळं गेली. चुकलो मी. मला माफ करा.”