डावीकडचा पहिला चौकोन

मोबाइलवरच्या खेळात गावावर हल्ला होतो आणि गावकरी म्हातारीला तुडवत पळतात. त्यांना असं पळायला कोण शिकवतं, हे कधी विचारलंत?

आमच्यात हे शिकवायचं काम झाडवाल्या ताईकडे होतं. जवळा बाजार या गावात खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघंजण शहरातल्या एका कंपनीसाठी खेळ बनवायचो. खेळातल्या माणसानं आधी काय करायचं, ते जमलं नाही तर मग काय, हे ताई पडद्यावर चौकोन मांडून, रेषांनी जोडून ठरवायची. याला बिहेवियर ट्री म्हणतात. मूळ वर, फांद्या खाली, आणि डावीकडची फांदी सगळ्यात आधी. "झाड उलटं हाय," ती म्हणायची, "पन मान डावीकडच्याला."

ताई साखरा गावची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. कळप हलवण्याआधी तिचा बाप विचारायचा, "मागं कोन राहिलं?" उत्तर आल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. ताईलाही तीच खोड. चहाला उतरतानाही ती जिन्यात वळून विचारणार. "ताई, आमी मेंढरं न्हाई," आम्ही चिडवायचो. "मेंढरं ऐकतेत तरी," ती म्हणायची.

मग कंपनीच्या साहेबाला हल्ल्याचा प्रसंग दाखवायचा दिवस आला. व्हिडिओ कॉल सुरू झाला. लुटारू वेशीतून शिरले, गावकरी थोडं पळाले आणि थबकले. म्हातारी मागे होती. सगळे तिच्यासाठी थांबले आणि सगळे मेले. ताईनं डावीकडचा पहिला चौकोन सवयीनं तोच टाकला होता: मागं कोण राहिलं?

"हे थांबले कशाला?" साहेब म्हणाला. "तो चौकोन काढा."

चूक होतीच, ताईनं मानली. पण चौकोन काढण्याऐवजी तिनं त्याच्याखाली नवी फांदी जोडली: दोघं वळतील, म्हातारीला उचलतील, बाकीचे पुढे जातील. पुन्हा चालवलं. गाव वाचलं. "आता बराबर," ती म्हणाली.

"गोंधळ दिसत नाही," साहेब म्हणाला. " म्हातारी तुडवली गेली पाहिजे. खेड्यातले लोक असेच पळतात. आजच्या आज बदला, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

आमचं चौघांचं पोट त्या कामावर होतं. ताईनं आमच्याकडे पाहिलं. मग ती पडद्याकडे वळली.

"तुमी पाह्यलं का साहेब, गाव पळताना?" ती शांतपणे म्हणाली. "कयाधू नदीला पूर आला तवा आमी पळालो. माझ्या आजीला दोघांनी पाठीवर आनलं. मी न्हाई काढनार."

काम गेलं. फाइल कंपनीकडे होतीच. तिथं कुणीतरी तो चौकोन पुसून टाकला. खोली सोडली त्या दिवशी ताई सगळ्यात शेवटी उतरली. जिन्यात वळून रिकाम्या खोलीकडे बघत राहिली. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. आता ती पुण्यात नोकरी शोधतेय.

खेळ बाजारात आलाय. त्यात आपण आहोत, घाबरट, एकमेकांना तुडवणारे. खेड्यातला माणूस असाच, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलंय, आणि आपली लेकरं ते रोज बघतात.

म्हणून एक करा. घरातलं लेकरू मोबाइलवर खेळत असेल तर शेजारी बसा. गावकरी पळायला लागले की खेळ थांबवा आणि त्याला विचारा, मागं कोण राहिलं?