तिच्या आईची कातडी

माझी मुलगी एसटीत कंडक्टर आहे, सिल्लोडच्या गाडीवर. औंदा तिनं छाती लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. असं सरळ सांगितलं की लोक खाली बघतात. बघू द्या. हौस म्हणून नाय केलं. दिवसभर उभं राहायचं, खांद्याला पैशाची बॅग, अन् त्यात स्वतःच्या अंगाचं ओझं. खांद्यावर पट्ट्यांचे खड्डे पडलेले. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलून निघायची. मान तर कायमचीच धरलेली. तिच्या आईचंही असंच होतं, तिनं बाम चोळत जन्म काढला.

आमची ही मागच्या साली गेली. ऑपरेशनला मी येते तुझ्यासंगं, असं तिनं मुलीला कबूल केलं होतं. ती नाय, म्हणून मी गेलो. लग्न मुलीनं केलेलं नाय, दुसरं कोण जाणार?

दवाखाना क्रांती चौकातून पुढं. डॉक्टरीण बाई होती. आधी सगळं समजावलं, टाके कुठं कुठं येणार ते कागदावर काढून दाखवलं. मी भिंतीकडं बघत बसलो. मग तिनं विचारलं, "घरात कुणाचा व्रण जाड होतो का? फुगतो, खाजतो असा?"

मुलगी म्हणाली, "नाही."

मी म्हणालो, "व्हय. हिच्या आईचा."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तिला ठाऊक नव्हतं. तिच्याच जन्माच्या वेळी पोट फाडलं होतं, तिथं पुढं दोरखंडासारखं उठलं. उकाड्यात बायको लुगड्यावरून खाजवत बसायची अन् कुणी विचारलं तर घामोळं म्हणायची. ते मी सोडून कुणी बघितलेलं नाय. परक्या बाईपुढं, लेकीसमोर, मेलेल्या बायकोचं पोट सांगायचं जिवावर आलं. पण सांगितलं.

"जागच्या जागीच फुगला, का कडेच्या चांगल्या कातडीत पसरला?" डॉक्टरणीनं विचारलं.

"जागच्या जागी. करंगळीएवढा जाड."

"मग त्यातल्या त्यात बरं, पसरणारा वाईट," बाई म्हणाली. "पण हिची कातडी आईवर गेली असेल तर व्रण जाड होऊ शकतो. विचार करून सांगा."

रिक्षा घराजवळ आल्यावर मुलगी म्हणाली, "आबा, बॅगचा पट्टा काखेपाशी बरोबर टाक्यांच्या जागीच घासतो. तिथं दोरखंड उठलं तर मी ड्युटी कशी करू?"

मी म्हणालो, "आता तरी कशी करतीस?"

तिनं ऑपरेशन केलं.

घरी आणल्यावर बायामाणसांचं काम म्हणून माझी धाकटी बहीण सोयगावाहून आली. येताना डिंकाचे लाडू, ओवा, शेपा अन् लोखंडी शेगडी. चैत्राचं ऊन, पत्र्याचं घर, अन् बहीण शेगडी पेटवून बसली.

"अगं, बाळंतीण हाय का ती?" मी म्हणालो.

"दादा, टाके अन् छाती म्हणल्यावर बाळंतपणच. वारं शिरलं तर जन्माची दुखणी. आमच्यात शेकाबिगर बाई उठवत नसत्यात."

मुलगी हसायला लागली अन् टाके ओढले म्हणून कळवळली. "आत्या, बाळ कुठं आहे मग?"

"तू कर लग्न, मग बाळाचं बघू. देवानं दिलेलं कापून आलीस, आता निदान शेक तरी नीट घे."

शेजारणींना गाठ काढली म्हणून सांगू, असंही बहिणीचं चाललं होतं. मी म्हणालो, "गाठ म्हणशील तर उद्या सगळ्या गळे काढत येतील. छाती कमी केली म्हण."

बहिणीनं खोलीचं दार लावून शेकायला सुरुवात केली. पाठ शेकली, खांदे शेकले. मग कापडाची गरम पुरचुंडी छातीखाली. मी बाहेर बसून ऐकत होतो.

"चटका बसतोय का गं?"

"काहीच कळत नाही आत्या. तिथं सगळं बधिर आहे."

"मंग अजून जरा गरम करते."

मी दारावर थाप मारली. "ठेव ती शेगडी खाली!" मेंढरांमागं जन्म गेलाय आमचा. कळ नसलेल्या जागी विस्तू न्यायचा नाय, एवढं तर कळतं. बहिणीला राग आला. "बापाला काय कळतंय त्यातलं," म्हणाली, पण शेगडी बाहेर आणली.

पोळलं नाय, नशीब. पण घामानं पट्ट्या भिजल्या होत्या. टाक्यांच्या दोन रेघा जिथं मिळतात तिथं, छातीच्या खाली, टाका सुटला. डॉक्टरीण म्हणाली, ती जागा अशीही उशिरा भरते, पण घाम अन् शेक आता बिलकूल नको. जखम आतून वर भरत यायला लई दिवस गेले. पट्टी बहीणच बदलायची, ते तिनं चोख केलं. ड्रेसिंग झालं की मी दाराबाहेरून विचारायचो, "कोरडं हाय का?" अन् आतून उत्तर येईपर्यंत उभा राहायचो. माझं सगळं चित्त त्या सुटलेल्या टाक्यावर. भरेल, पण भरून काय होईल? सावकाश भरलेली जखम जास्त उठते, हे मी बायकोच्यात बघितलं होतं. तिचाही टाका सुटून पिकला होता. आता असती तर दार लावून बघून आली असती अन् मला एका शब्दात सांगितलं असतं.

पावसाळ्यात डॉक्टरणीनं दाबून बघितलं. मी पडद्याच्या अलीकडं. टाका सुटला होता तिथं रुंद डाग राहिला, म्हणाली, पण सपाट आहे. काखेकडच्या टोकाला मात्र व्रण उठलाय, दोन्हीकडं. तो बसायला त्यात औषधाची सुई द्यावी लागेल, चिकटपट्टी अजून पुष्कळ महिने लावायची.

"सुई दुखेल," बाई म्हणाली.

"द्या," मुलगी आतून म्हणाली.

गणपती झाल्यावर ती ड्युटीवर गेली. पहिल्या दिवशी मी स्टँडवर जाऊन तिच्या गाडीत चढलो. तिनं बॅगचा पट्टा आखूड करून बॅग कमरेला बांधली होती. मला बघून म्हणाली, "आबा, तिकीट काढा नाहीतर उतरा, गाडी सुटतेय."

मी उतरलो.